घरचा सॉसेज रोल

चहात बुडवून खारी खाल्ली नाही, असा मराठी माणूस शोधूनच काढावा लागेल. खारी हातात घेताच तिचा निम्मा चुरा होतो, उरलेल्यातला बराचसा भाग कपाच्या तळाशी जातो आणि काही पापुद्रे सदऱ्यावर राहतात. तरीही उद्याच्या चहाबरोबर ती हवीच असते. याच खारीचे कच्चे पीठ लाटून, त्याच्या पोटात मसाल्याचा खिमा भरून, त्याची सुरळी करून ती भट्टीत भाजली, म्हणजे जो पदार्थ तयार होतो त्याला सॉसेज रोल म्हणतात. नाव साहेबी आहे. वस्तू मात्र आपल्या करंजीची दूरची बहीण आहे. हे नाते जेथील स्वयंपाकघरांत आजही तपासून पाहता येते, असे एक शहर म्हणजे बंगळूर.

'सॉसेज' हा शब्द मुळात 'खारवलेले' अशा अर्थाच्या एका लॅटिन शब्दापासून निघाला. म्हणजे खारी आणि सॉसेज या दोघांचेही बारसे मिठानेच केले म्हणावयाचे. मांस टिकवावयाचे तर त्याला मीठ लावले पाहिजे, हे शहाणपण फार जुने आहे. गोव्याकडील श्रोत्यांना ते सांगावयास नको. तेथील चोरीस हा पोर्तुगीज वळणाचा सॉसेजच होय. डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, व्हिनेगर आणि लाल मिरची यांत मुरवावयाचे, आतड्यात ठासून भरावयाचे आणि त्यांच्या माळा सुकवावयाच्या. मग पावसाळा खुशाल येवो. इंग्रजांचा सॉसेज या कुळातलाच, पण स्वभावाने अगदी निराळा. तो सौम्य, पावाचा चुरा घातलेला आणि ताजाच खावयाचा. टिकण्याची त्याला सवय नाही. कारण थंड देशात त्याला तशी गरजच पडली नाही. असा नाजूक पाहुणा आपल्या उकाड्यात कोठे उतरणार? मे महिन्यातील मुंबईत सकाळी कुटलेला खिमा दुपारपर्यंत तसाच ठेवण्याचे धाडस कोणी करू नये.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवर आहे. मराठी माणसाला हे शहर परके नाही. सतराव्या शतकात ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते. पुढे १७९९ साली टिपूचा पाडाव झाल्यावर इंग्रजी फौज श्रीरंगपट्टणास राहिली, पण तेथील हिवतापाने ती हैराण झाली. म्हणून १८०९ साली हलसूरजवळ नवी छावणी वसविण्यात आली. कन्नड लोक या भागाला 'दंडु' म्हणत. जुन्या पेठेच्या एका अंगाला हे दुसरे गाव वाढले आणि दोहोंचा कारभारही निरनिराळा राहिला. छावणीचा भाग म्हैसूर संस्थानाकडे परत आला तो १९४७ मध्ये, आणि दोन्ही मिळून एक महानगरपालिका झाली ती १९४९ मध्ये. सरकारी दप्तरात गावे एक झाली, तरी स्वयंपाकघरे एका ठरावाने एक होत नसतात.

या छावणीत, आणि १८८२ साली वसू लागलेल्या व्हाइटफील्डमध्ये, जो अँग्लो-इंडियन समाज स्थिरावला, त्याच्या घरांतून सॉसेज रोल हा नाताळाचा, वाढदिवसाचा आणि आगगाडीच्या प्रवासाच्या डब्याचा पदार्थ झाला. अँग्लो-इंडियन कोणास म्हणावे, याची व्याख्या भारताच्या राज्यघटनेच्या ३६६व्या अनुच्छेदात दिलेली आहे. त्यांच्या खिम्याची व्याख्या मात्र कोणत्याही अनुच्छेदात नाही. इंग्लंडात त्यात सेज नावाचा पाला आणि मिरी पडे. येथे त्या पाल्याची जागा कोथिंबीर आणि पुदिना यांनी घेतली, आले आले, हिरवी मिरचीही आली. मिरी राहिली, जायफळ राहिले. पोर्कऐवजी मटण वापरणारी घरेही झाली. साहेबाचा पदार्थ दोन पिढ्यांत तिखट झाला आणि त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

पलीकडे पेठेतही स्वस्थता नव्हती. १८९८ साली चिकपेटेत बी. बी. बेकरी निघाली आणि हासन जिल्ह्याकडील अय्यंगार मंडळींनी पाव, बिस्किटे आणि पफ यांचा धंदा गावभर नेला. ही मंडळी कडक शाकाहारी. त्यांनी पापुद्रे साहेबाचे घेतले, पण पोटात बटाटा, गाजर आणि मटारची उसळ भरली. इंग्लंडातील एका मोठ्या बेकरीने जानेवारी २०१९ मध्ये मांसविरहित सॉसेज रोल बाजारात आणला, तेव्हा तिकडील वृत्तपत्रांत मोठाच गलबला झाला. बंगळूरच्या एखाद्या अय्यंगार बेकरीवाल्याला त्यात नवे काय, असे वाटले असल्यास त्याला दोष देता येणार नाही.

कोपऱ्याकोपऱ्यावर पफ मिळत असता घरी रोल करण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे कोणी विचारील. उत्तर पदार्थाच्या रचनेतच आहे. सॉसेज म्हणजे मुळातच झाकलेले अन्न. मांस कोणते, चरबी किती, पाव किती, कालचे उरलेले किती, हे बारीक कुटल्यावर ओळखू येत नाही. आणि त्यावर पुन्हा पिठाचे पांघरूण. ज्याचे पोट दिसत नाही, असा हा पदार्थ केवळ विश्वासावर खावयाचा. मुलांच्या ताटात तो वाढावयाचा तर विश्वास आपल्या हाताखालीच असलेला बरा, हा गृहिणीचा हिशेब आहे. म्हणून ती मांसाचा अखंड तुकडा निवडते आणि आपल्या डोळ्यांदेखत त्याचा खिमा करवून घेते. त्यात चतुर्थांशाच्या आसपास चरबी असू देते. निव्वळ लाल मांसाचा रोल भाजल्यावर भुशासारखा कोरडा लागतो.

अर्धा किलो खिम्याला आठ-नऊ ग्रॅम मीठ पुरते. मीठ घालून खिमा हाताने चांगला मळावयाचा. पाच मिनिटांत त्याचा पोत बदलतो. तो चिकट होतो आणि तळहातावर थापून हात उपडा केला तरी खाली पडत नाही. मिठामुळे मांसातील प्रथिने सुटतात आणि तीच पुढे खिम्याला धरून ठेवतात. रोलमध्ये आतड्याचे आवरण नसते, तेव्हा सारी भिस्त या मळण्यावर. शिळ्या पावाचा मूठभर चुरा घातला, की भाजताना सुटणारा रस तो पिऊन घेतो आणि खालचे पीठ ओले होत नाही. मीठमसाला बेताचा झाला की नाही हे पाहण्यासाठी कच्चा खिमा जिभेवर ठेवू नये. त्याची लहानशी टिकली तव्यावर परतून चाखावी. ती चाखण्यासाठी घरात उमेदवारांची वाण कधीच पडत नाही.

खरी परीक्षा पिठाची. आपल्याकडे साट्याची करंजी किंवा चिरोटा करताना पातळ पोळ्यांवर तूप आणि तांदळाचे पीठ फेसून केलेला साटा लावतात, पोळीवर पोळी ठेवून वळकटी करतात आणि तिच्या लाट्या पाडून पुन्हा लाटतात. कढईत टाकताच पदर सुटतात. विलायती पापुद्र्यांचे तत्त्व हेच आहे. मैद्याच्या पोळीत लोण्याची थापी गुंडाळावयाची, लाटून तिची तिहेरी घडी घालावयाची, थंड जागी विसावू द्यावयाची आणि पुन्हा लाटावयाची. असे सहा वेळा केले, की लोण्याचे सातशे एकोणतीस पदर होतात. भट्टीत पिठातील पाण्याची वाफ होते, लोणी तिला सहजासहजी बाहेर पडू देत नाही, आणि ती वाफ एकेक पदर वर उचलते. घरच्या रोलला एवढे पदर नसले तरी बिघडत नाही. चार घड्यांवर काम भागते.

फरक आहे तो एवढाच, की आपल्या साट्यात पीठ मिसळलेले असते. ते पीठ तुपाला धरून ठेवते. त्यामुळे दिवाळीच्या दिवसांतही साटा पोळपाटावरून वाहून जात नाही. उष्ण देशातील बायकांनी उष्ण देशासाठी काढलेली ही युक्ती आहे, आणि पाकशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांपुढे दबून जाणाऱ्यांनी तिची नोंद घ्यावयास हवी. विलायती रीतीत नुसते लोणी असते, आणि ते बत्तीस ते पस्तीस अंशांच्या दरम्यान वितळते. एकदा का ते पिठात जिरले, की पदर संपले. मग भट्टीतून निघते ती जाड बिस्किटासारखी पोळी. डिसेंबरातील बंगळूरच्या पहाटे पारा पंधरा-सोळा अंशांच्या आसपास असतो. छावणीतल्या गृहिणी नाताळाचे रोल उजाडण्यापूर्वी लाटावयास घेत, त्यामागे भक्तिभावाइतकेच हे गणितही होते. एप्रिलमध्ये तोच पारा दुपारी चौतीसच्या घरात जातो, आणि तेव्हा पीठ दर घडीनंतर शीतकपाटात ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

या अडचणीवर बाजाराने आपला तोडगा काढला होता. वनस्पती तूप उशिरा वितळते, स्वस्त पडते आणि पापुद्रे ताठ उभे करते. खाल्ल्यावर ते टाळ्याला मेणासारखे चिकटून राहते, ही त्याची खूण. पण प्रश्न चवीपुरता नव्हता. तेलाचे असे अर्धवट घनीकरण करताना जी ट्रान्स चरबी तयार होते, ती हृदयाला अपायकारक असल्याचे सिद्ध झाले आणि जानेवारी २०२२ पासून भारतात तिची मर्यादा दोन टक्क्यांवर आणण्यात आली. घरी लोण्यात पीठ लाटणाऱ्या आजीबाईंना त्या नियमाची वाट पाहावी लागली नव्हती. लोणी पथ्याचे आहे असा याचा अर्थ नव्हे. रोल हा रोजचा नाश्ता नव्हता, वर्षातून चार-सहा वेळा होणारा पदार्थ होता, हेच त्याचे पथ्य.

पूर्वी घरोघरी ओव्हन कोठून असणार? मुंबई-पुण्याच्या वाड्याचाळींतून रवा-मैदा, तूप आणि साखर घेऊन नानकटाई भाजून आणण्यासाठी बेकरीत जाणारी मुले ज्यांना आठवतात, त्यांना छावण्यांमधील नाताळाचे दृश्य वेगळे सांगावयास नको. तेथेही केकची भांडी आणि पत्रे डोक्यावरून, सायकलवरून शेजारच्या भट्टीकडे निघत. आपलाच पत्रा परत आला की शेजाऱ्याचा, हा संशय दोन्हीकडे सारखाच. आता घरातल्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटांत रोल भाजून निघतात. वरचा रंग पाहून मात्र फसू नये. आतला खिमा मध्यभागी एकाहत्तर अंशांपर्यंत तापला पाहिजे. पोर्क असेल तर याबाबत भीड ठेवण्याचे कारण नाही.

एवढे सारे करावयास हात पुष्कळ लागतात. एकाने लाटावे, दुसऱ्याने खिम्याच्या वाती वळाव्या, तिसऱ्याने कडेला पाणी लावून सुरळी मिटवावी आणि शिवण खाली येईल अशी ठेवावी, लहानग्याने वर फेटलेले अंडे फासावे. हे हात आता एका गावात राहिलेले नाहीत. १९४७ नंतर या समाजातील अनेक कुटुंबे इंग्लंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाकडे गेली. मागे राहिलेल्यांचीही मुले पुढे त्याच वाटेने निघाली. लोकसभेत या समाजाच्या दोन प्रतिनिधींची नेमणूक करण्याची तरतूद होती, तीही जानेवारी २०२० मध्ये संपुष्टात आली. छावणीतील बागबगीच्यांच्या बंगल्यांच्या जागी इमारती उठल्या. आता तयार पिठाचे गोठविलेले तक्ते दुकानात मिळतात, आणि मेलबर्नमध्ये तर सॉसेज रोल कोपऱ्यावरच मिळतो. मिळत नाही ती त्यातली हिरवी मिरची आणि कोथिंबीर.

म्हणून दूरध्वनीवर प्रश्न येतात. आई, मीठ किती? आणि आईला मीठ ग्रॅममध्ये सांगता येत नाही. तिचे माप तळहाताच्या खळग्यात असते, लोण्याचे माप बोटाच्या पेरात आणि पिठाच्या विसाव्याचे माप शेजारच्या चर्चच्या घंटेत. पलीकडून पुन्हा विचारणा होते, तेव्हा ती वजनाचा काटा बाहेर काढते, नेहमीसारखे मीठ हातात घेते, ते काट्यावर टाकते आणि चष्मा सावरून आकडा वाचते. तिकडे कोणीतरी तो लिहून घेतो. मग ती काट्यावरचे मीठ खिम्यात झाडून टाकते, क्षणभर विचार करते, आणि वर आणखी एक चिमूट घालते.