भरती-ओहोटीच्या काठावर
(हीरकमहोत्सवी समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरकमहोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळेच्या यशाचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. मी मात्र आज समुद्रकाठी घालवलेल्या तीन दिवसांविषयी बोलणार आहे.

आपली एक माजी विद्यार्थिनी परिचारिका झाली आणि जर्मनीतील एका रुग्णालयात तिची नेमणूक झाली. बी-टू पातळीची जर्मन भाषेची परीक्षा ती उत्तीर्ण झाली होती. पण प्रयाणाचा दिवस जवळ येऊ लागला, तशी तिची झोप उडाली. तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, धड जेवत नाही, रात्ररात्र शब्दांच्या वह्या घेऊन बसते." मी म्हटले, "वह्या घरीच राहू द्या. आपण तिघी वलसाडजवळ तीथलला जाऊन येऊ."

१८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्या जवळजवळ दोन महिने प्रवासात होत्या. १९१३ मध्ये आपल्याच बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला गेले, तेही बोटीनेच. त्या प्रवासाचे हाल मी नाकारत नाही. परंतु एक आयुष्य मागे टाकून दुसऱ्यात पाऊल ठेवण्यापूर्वी मनाला तेवढा अवधी मिळत असे. विमान माणसाला एका रात्रीत पोहोचवते. मन मात्र मागेच राहते. तो हरवलेला अवधी तिला मिळावा, एवढाच माझा हेतू होता.

तीथलची वाळू काळसर आहे. ओहोटीला पाणी इतके दूर जाते की ते परत येईल, यावर विश्वास बसू नये. पहिला दिवस ती अपराध्यासारखी बसून होती. दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ कालच्यापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकलेली पाहून तिला मौज वाटली. त्या दुपारी ती गाढ झोपली.

संध्याकाळी ती मनातले बोलली. "बाई, मी मराठी शाळेत शिकले. रात्रपाळीत एखादे आजोबा वेदनेने काही म्हणाले आणि मला कळलेच नाही, तर?" हा प्रश्न मला लागला. तिला इंग्रजी माध्यमात घाला, असा सल्ला तिच्या वडिलांना अनेकांनी दिला होता. मराठीत शिकवा, असे सांगणारी मी होते. त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर तिसऱ्या दिवशी सकाळी मिळाले. कणसे विकणाऱ्या एक आजी वाळूत घसरून पडल्या. ही धावली. "माजी, बेसो. क्यां दुखे छे?" मनगट तपासले, ओढणीने बांधले आणि त्यांना हसवूनच ती परतली. मी विचारले, "आत्ता कोणत्या भाषेत बोललीस?" ती क्षणभर थांबली. "बाई, लक्षातच आले नाही."

मुलांनो, घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, बाजारात हिंदी अशी तुमची रोजची ये-जा असते. भाषेची सीमा ओलांडण्याचा सराव तुम्ही बालपणापासूनच करत आहात. आपल्या भाषेत पाय रोवून उभा राहिलेला माणूस दुसऱ्या भाषेत हात पुढे करू शकतो.

तिचे भय तीन दिवसांत संपले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. पहिल्या रात्रपाळीनंतर तिचा निरोप आला : "बाई, आजोबांना दोनदा पुन्हा विचारावे लागले. तिसऱ्यांदा कळले. ते रागावले नाहीत."

कठीण कामापूर्वी घेतलेली विश्रांती म्हणजे आळस नव्हे, आणि न समजलेले पुन्हा विचारणे म्हणजे कमीपणा नव्हे. पहिली गोष्ट तिला समुद्राने शिकवली. दुसरी मात्र तुम्हाला आपल्या वर्गातच शिकता यावी, ही या शाळेची जबाबदारी आहे. उद्यापासून माझ्या वर्गात कोणीही तिसऱ्यांदा हात वर करावा. मी रागावणार नाही.