भागीदारीचा कागद

श्रोतेहो, दोघे मित्र गावात पिठाची गिरणी घालतात. एकाचे भांडवल तीन भाग, दुसऱ्याचे एक. "आपल्यात कागद कशाला?" दोन वर्षे गोडीत जातात. मग नफा दिसू लागतो, आणि बोलणे बंद होते.

आता कायदा पाहा. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, काही ठरलेले नसेल तर नफा-तोटा समसमान. भांडवल कमीजास्त असले तरीही! गिरणीवर दिवसभर राबणाऱ्यालाही, ठरलेले नसेल, तर वेगळा पगार नाही. तोंडी ठराव कायद्याला चालतो हो, पण तो शाबीत कसा करायचा? आणि एकजण वारला, की वेगळा करार नसल्यास पेढीच मोडते. घरात सुतक, आणि दारात हिशेबाचा तंटा!

म्हणून वाटा, पगार, मृत्यूनंतरची व्यवस्था, बाहेर पडणाऱ्याची रक्कम, पंच कोण, हे सारे आधीच लिहा. बाहेर पडण्याचे कलम लोक हटकून विसरतात. पेढीची नोंदणीही करा. ती नसेल तर चालू पेढीत करारातल्या हक्कासाठी भागीदारावर दावा लावता येत नाही.

गुरुजी, मसुदा बहुधा तुमच्याकडेच येईल. त्यात 'योग्य तो वाटा' असे मोघम घालू नका. रुपयातले ७५ पैसे कोणाचे, २५ कोणाचे, ते अक्षरी लिहा.