नोकरीचे संकेतस्थळ निवडताना

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात करमाळा येथे केलेले भाषण)



मी संगणकाचा तज्ज्ञ नाही, साधा बी.ए., बी.एड. शिक्षक आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्याला एक कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन घरी आला. बी.सी.ए. झालेला, हुशार मुलगा. त्याच्या हातात नेमणुकीचे पत्र होते. वर कंपनीचे बोधचिन्ह, खाली सही-शिक्का, पगार मजकुरात ठळक अक्षरांत. मी पत्र वाचले, त्याची पाठ थोपटली आणि पेढा खाल्ला. पुढे कळले की ‘लॅपटॉपची अनामत’ म्हणून त्याच्याकडून बारा हजार रुपये घेतले होते. वडिलांनी त्यासाठी दोन शेळ्या विकल्या होत्या. रुजू व्हायच्या दिवशी पत्रातल्या पत्त्यावर कार्यालयच नव्हते आणि फोन बंद होता. पत्र आले होते ते फुकट मिळणाऱ्या साध्या ई-मेल खात्यावरून, ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नाही. त्या पेढ्याची आठवण झाली की आजही मला ओशाळल्यासारखे होते.

मित्रहो, आपल्या वडीलधाऱ्यांना सेवायोजन कार्यालयाचे कार्ड आठवत असेल. एस.टी.ने सोलापूर गाठायचे, रांगेत उभे राहून नाव नोंदवायचे आणि मग ‘कॉल’ची वाट पाहायची. त्याशिवाय दुसरा मार्ग म्हणजे ओळख. पुण्यात कोणाचा मामा, कोणाचा साडू कंपनीत असला तर चिठ्ठी मिळे. आपल्यापैकी बहुतेकांचा असा मामा नव्हता आणि आजही नाही. म्हणून संकेतस्थळ ही आपल्या मुलांसाठी चैनीची वस्तू नाही. करमाळ्याच्या मुलाचा आणि पुण्याच्या मुलाचा अर्ज तेथे एकाच ढिगात पडतो.

आपल्या देशात हा मार्ग रुळवला तो संजीव बिखचंदानी यांच्या ‘नोकरी डॉट कॉम’ने. ते 1997 साली सुरू झाले. पूर्वी ज्या कंपनीत ते काम करीत, तेथील सहकारी व्यापारविषयक मासिक मागच्या पानापासून, म्हणजे नोकरीच्या जाहिरातींपासून वाचत, हे त्यांनी हेरले होते. जाहिराती बघायला माणूस आपण होऊन येतो, एवढ्या साध्या निरीक्षणावर हा धंदा उभा राहिला. अशा संकेतस्थळाला मुख्य पैसा देतात त्या माणसे शोधणाऱ्या कंपन्या. म्हणून पालकांनी पहिला प्रश्न हाच विचारावा की येथे पैसे कोण देतो? बायोडाटा लिहून देण्याच्या, तो ठळकपणे दाखवण्याच्या सेवा काही नामांकित संकेतस्थळेही उमेदवाराला विकतात, पण त्या न घेता अर्ज करता येतो. मात्र नोंदणी, मुलाखत, प्रशिक्षण किंवा अनामत यांसाठी नेमणुकीपूर्वीच कोणी पैसे मागितले, की तेथेच थांबावे.

आता कोठे शोधावे? नवख्या मुलाने सर्वांत आधी कंपनीच्या स्वतःच्या दारात जावे, असे माझे मत आहे. टी.सी.एस.चे ‘नेक्स्टस्टेप’ हे नोंदणीचे पान आहे. विप्रोची बी.सी.ए., बी.एस्सी. झालेल्यांसाठी नोकरी करता करता एम.टेक. करण्याची योजना आहे. तिचा करार मात्र सही करण्यापूर्वी घरात बसून वाचावा, कारण मध्येच सोडल्यास काय, हे त्यात लिहिलेले असते. या दारांची एक अडचण आहे. तेथे उत्तीर्ण झाल्याचे वर्ष पाहतात. पदवी घेऊन दोन वर्षे घरी बसलेल्या मुलाला तेच दार बहुधा बंद झालेले असते. म्हणून नोंदणी शेवटच्या वर्षात असतानाच करावी. निकाल लागू दे, मग बघू, ही आपली सवय येथे महागात पडते.

शिकाऊ उमेदवारी हा दुसरा मार्ग. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा, पण पुष्कळांच्या मनात तो अजून आय.टी.आय.पुरताच आहे. पदवी-पदविकाधारकांसाठी केंद्र शासनाचे ‘नॅट्स’ हे संकेतस्थळ आहे. ठरावीक मुदत, विद्यावेतन आणि शेवटी प्रमाणपत्र. कायम नोकरीची हमी नसते, पण ‘अनुभव आहे का?’ या प्रश्नाला उत्तर मिळते. केंद्राचे ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ (2015) आणि राज्याचे ‘महास्वयम्’ येथेही विनामूल्य नाव नोंदवावे.

मोठ्या खासगी संकेतस्थळांपैकी एकच निवडावे आणि ते नीट सांभाळावे. अनुभव शून्य ते एक वर्ष अशी चाळण लावावी, आठवड्याच्या आतल्याच जाहिराती पाहाव्यात. ‘इंडीड’वर इतर ठिकाणच्या जाहिरातीही एकत्र येतात, तेव्हा मूळ जाहिरात कंपनीच्या पानावर आहे का, हे तपासावे. ‘मॉन्स्टर’ शोधणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की 2022 पासून त्याचे नाव ‘फाउंडइट’ झाले आहे. इंटर्नशिपसाठी ‘इंटर्नशाला’ ठीक. ‘लिंक्डइन’वर अर्जापेक्षा ओळखीचा उपयोग अधिक. आपल्याच महाविद्यालयाची, पुण्याच्या कंपनीत लागलेली मुले तेथे सापडतात. त्यांना दोन ओळींचे सभ्य पत्र लिहायला लाजू नये. न मिळालेला मामा कधी कधी असा मिळतो!

भगिनींनो, मुलीला हिंजवडीला पाठवायला मन तयार होत नाही म्हणून पुष्कळ घरी ‘घरबसल्या डेटा एंट्री’ शोधतात. तुमची काळजी मी समजू शकतो, पण सर्वांत मोठी फसवणूक याच शब्दांमागे दडलेली असते. आधी काम देतात, मग ‘चुका झाल्या, दंड भरा, नाहीतर वकिलाची नोटीस’ म्हणून धमकावतात. अशा धमकीला घाबरून पैसे भरू नयेत. पैसे गेलेच तर लाज न बाळगता त्याच तासाला 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. माझ्या विद्यार्थ्याने आठ दिवस घरात कोणाला काही सांगितलेच नाही.

आणखी एक गोष्ट, जी इतर सभांत कोणी सांगणार नाही. आपल्या मुलांच्या नावांचा घोळ. दहावीच्या गुणपत्रकावर ‘शेख’ आधी, आधारवर शेवटी. ‘मोहम्मद’ इंग्रजीत एके ठिकाणी पूर्ण, दुसरीकडे नुसती दोन-चार अक्षरे, तिसरीकडे गायब. वडिलांचे नाव कधी मध्ये, कधी नाही. संकेतस्थळ नाव आणि आडनाव असे दोन रकाने मागते आणि मुलगा दर ठिकाणी वेगळे भरतो. निवड झाल्यावर कागदपत्रांची पडताळणी होते, तेव्हा हा घोळ उघडा पडतो आणि रुजू होण्याची तारीख लांबते. दहावीच्या गुणपत्रकावरील नाव प्रमाण मानून आधार, पॅन आणि बँकेचे खाते त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. गुणपत्रकातच चूक असेल तर आधी शाळेत या. हे काम नोकरी लागण्यापूर्वीचे आहे, नंतरचे नव्हे.

पुढच्या शनिवारपासून दुपारी शाळा सुटल्यावर मी संगणक कक्षात बसणार आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी दहावीचे गुणपत्रक, आधार आणि ज्याचा संकेतशब्द आठवतो असा ई-मेल घेऊन यावे. पालकांनीही यावे. आणि कोणाच्या हाती नेमणुकीचे पत्र आले असेल तर पेढ्यांआधी ते पत्र घेऊन यावे.