वजन उतरविण्याच्या इंजेक्शनाची पूर्वतयारी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन उभा जन्म फळ्यासमोर घालविलेला एक शिक्षक आहे. तेव्हा औषधाविषयी बोलण्याचा माझा अधिकार तो काय, असे कोणी विचारल्यास ते रास्तच ठरेल. परंतु गेल्या वर्षभरात आपल्या समाजातील सहा-सात घरांतून मला एकच प्रश्न आला, "गुरुजी, ते वजन उतरविण्याचे इंजेक्शन घ्यावे काय?" मलाही माझ्या डॉक्टरांनी ते सुचविले असल्याने मी चौकशी करीत राहिलो. त्या चौकशीचा वृत्तांत तेवढा आपणांपुढे ठेवतो. निर्णय ज्याचा त्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावयाचा.

स्थूलतेची चिंता जुनीच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात ज्या आठ प्रकारच्या शरीरांची गणना निंदित म्हणून केली आहे त्यांत अतिस्थूल आहे, आणि अतिकृशापेक्षा त्याची चिकित्सा अवघड असल्याचेही तेथे सांगितले आहे. नवे आहे ते औषध. अमेरिकेतील गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतील द्रव्याच्या अभ्यासातून एक्झेनाटाइड निघाले व २००५ साली तेथे मधुमेहासाठी मान्य झाले. त्याच जातीतील पुढची दोन औषधे आपल्याकडे आली : टिर्झेपॅटाइड हे 'मौंजारो' या नावाने मार्च २०२५ मध्ये, आणि सेमाग्लुटाइड हे वजनासाठी 'वेगोव्ही' या नावाने जून २०२५ मध्ये. जेवणानंतर आतड्यातून जो रस रक्तात जाऊन 'पुरे' असा निरोप मेंदूस देतो, त्याची ही नक्कल होय. भूक मंदावते, जठर सावकाश रिकामे होते.

गुण येतो, यात शंका नाही. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले. मात्र औषध थांबविल्यानंतर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश परत आले. म्हणजे शंभर किलोचा गृहस्थ पंच्याऐंशीवर येतो आणि औषध सोडताच पुन्हा पंच्याण्णवाकडे चालू लागतो. सबब खर्चाचा हिशेब दोन-तीन महिन्यांचा न करता वर्षांचा करावा.

आता औषध कोणासाठी? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की भारतीय मनुष्य दिसावयास बारीक असूनही त्याच्या अंगात मेद अधिक असतो. त्यामुळे आपल्याकडे पुरुषाचा कमरेचा घेर ९० व स्त्रीचा ८० सेंटिमीटरांच्या वर गेल्यास सावध व्हावयास सांगतात. पण सावध होणे निराळे आणि इंजेक्शन घेणे निराळे. वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले असता येणारा अंक ३० किंवा अधिक असावा, अथवा २७ असून सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार असावा, अशी या औषधाची सर्वसाधारण मर्यादा आहे. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीस हा ३० चा अंक सुमारे ७७ किलोंवर येतो.

हे गणित मी मुद्दाम सांगितले. गेल्या उन्हाळ्यात आपल्यातीलच एक माउली मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलीची उंची १६०, वजन ६२. अंक २४ च्या आसपास. लग्न तीन महिन्यांवर. "मुलाकडचे म्हणतात, जरा बारीक झाली तर बरे." इंजेक्शन कोणी ओळखीचा देणार होता. मुलगी खाली मान घालून बसली होती. तिला कोणीच काही विचारले नव्हते. मी सांगितले की हिला या औषधाची आवश्यकताच नाही. शिवाय गर्भारपणात ते चालत नाही. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी बंद करावे लागते आणि टिर्झेपॅटाइडमुळे संततिनियमनाच्या गोळीचा भरवसा कमी होतो. लग्नाच्या तोंडावर मुलीला हे टोचणे म्हणजे काय, याचा विचार त्या घरात झालाच नव्हता. मी मुलीला विचारले, "तुझे काय म्हणणे आहे, बाळ?" ती म्हणाली, "मला भीती वाटते, गुरुजी." इतके बोलण्यासही तिला वेळ लागला.

दुसरी हकीकत माझ्या एका नातलगाची. ते मधुमेहाची ग्लिमेपिराइड ही गोळी घेत होते. दुकानातून चिठ्ठीशिवाय इंजेक्शन आणले आणि गोळी तशीच चालू ठेवली. जेवण निम्म्यावर आले, गोळीचा जोर मात्र तोच. एके पहाटे घामाने थबथबलेले, बोलणे असंबद्ध; सुनेने प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. तेव्हा चालू असलेल्या साऱ्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवणे ही पहिली तयारी. इन्सुलिन वा अशा गोळीची मात्रा बहुधा कमी करावी लागते.

डॉक्टरांनी न विचारताही सांगावयाच्या गोष्टी आहेत : घरात कोणास थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कर्करोग झाला होता काय, स्वतःस स्वादुपिंडाची सूज कधी आली होती काय, पित्ताशयात खडे आहेत काय. साखर, मूत्रपिंड, यकृत यांची रक्ततपासणी आणि मधुमेह्यांनी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आधीच करून घ्यावी. पुढे शस्त्रक्रियेचा प्रसंग आला तर भूल देणाऱ्यास हे औषध चालू असल्याचे अवश्य सांगावे, कारण उपाशी असूनही जठरात अन्न राहिलेले असू शकते.

आहाराची सवय मी दोन महिने आधीपासून बदलू लागलो. सावजी रस्सा आणि पोह्यांवरची तर्री हे आम्हां नागपूरकरांचे व्यसन. पण जठर मंद झाल्यावर तेलकट पदार्थ मळमळ वाढवितात. थोडे थोडे जेवावे, पाणी पुरेसे प्यावे. मेदाबरोबर स्नायूही झडतात, आणि साठीच्या माणसाला ते परवडणारे नाही. म्हणून डाळ, दही, चणे, चालत असल्यास अंडी, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्यासारखा व्यायाम. चालणे तर आहेच.

मात्रा लहानापासून चढवितात. टिर्झेपॅटाइड आठवड्यास २.५ मिलिग्रॅम, चार आठवड्यांनी ५, सेमाग्लुटाइड ०.२५ पासून. घाई करून मात्रा वाढविणाऱ्यास उलट्यांचे प्रायश्चित्त मिळते. पोटात असह्य कळ येऊन ती पाठीकडे गेली, उलट्या थांबेनात, तर पुढची सुई न टोचता रुग्णालय गाठावे.

आणि आपले ऊन! हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावयाचे, बर्फाच्या कप्प्यात मुळीच नाही. बाहेर काही दिवस चालते, तेही ३० अंशांच्या आत. मे महिन्यात जेथे पारा ४५ च्या वर जातो तेथे स्कूटरच्या डिकीत ते घरी आणणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. थंड पिशवी नेऊन, पक्के बिल घेऊन, मुदत पाहून आणावे. सेमाग्लुटाइडच्या पेटंटाची मुदत मार्च २०२६ मध्ये संपल्याने स्वस्त औषधांचा मार्ग मोकळा झाला आहे. तसा नकली मालाचाही होईल.

जाता जाता एक विनंती. आपल्या वधू-वर परिचय पुस्तिकेच्या अर्जात मुलींसाठी 'बांधा' आणि 'वजन' असे दोन रकाने आहेत. मुलांच्या अर्जात ते नाहीत. ते दोन्ही काढून टाकावेत असा लेखी प्रस्ताव मी आज कार्यकारिणीकडे दिला असून त्यावर त्या मुलीच्या आईने अनुमोदक म्हणून सही केली आहे.