मोठी अक्षरे, लहान अक्षरे आणि बंदराची नोंद
(उरण येथील संगणक प्रशिक्षणार्थींसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मिठागरे, भातशेती आणि मासेमारी ही एके काळी उरणची ओळख होती. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले आणि या तालुक्याच्या अर्थजीवनास नवे वळण लागले. ज्या कुटुंबांच्या जमिनी या विकासासाठी गेल्या, त्यांच्या मुलामुलींना बंदर परिसरातील कचेऱ्यांत व गोदामांत मानाचे काम मिळणे हा न्यायाचा प्रश्न आहे. त्या कामाचा बराचसा भाग आता संगणकावरील नोंदींचा असतो. म्हणूनच वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या एका बाबीचा येथे विचार करावयाचा आहे. ती बाब म्हणजे रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे.

देवनागरीत हा भेद नाही. ‘उरण’ हा शब्द वाक्याच्या आरंभी येवो वा शेवटी, त्याचे रूप तेच राहते. रोमन खिळे जुळविणारे जुळारी मोठी अक्षरे वरच्या पेटीत आणि लहान अक्षरे खालच्या पेटीत ठेवीत. त्यावरून ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ ही नावे रूढ झाली. वाचणाऱ्यास दोन्ही अक्षरे एकच वाटतात. संगणकास ती भिन्न चिन्हे होत. आस्की संकेतात मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, तर लहान ‘ए’चा ९७ आहे. अशा प्रत्येक जोडीत ३२ चे अंतर असते.

बंदरात हा भेद कोठे जाणवतो? प्रत्येक कंटेनरवर आंतरराष्ट्रीय मानकानुसार चार मोठी अक्षरे व सात अंक असतात. पहिली तीन अक्षरे मालकाची, चौथे प्रकाराचे, सहा अंक अनुक्रमाचे आणि सातवा पडताळणीचा. ‘सीएसक्यूयू ३०५४३८३’ हा क्रमांक घ्या. पहिल्या दहा चिन्हांच्या ठरावीक किमतींना अनुक्रमे १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणाऱ्या संख्यांनी गुणून बेरीज केली, तर ६१८५ येते. तिला ११ ने भागल्यास बाकी ३ उरते. तोच शेवटचा अंक. या किमती मोठ्या अक्षरांनाच दिलेल्या आहेत. टंकलेखकाने लहान अक्षरे लिहिली आणि कार्यप्रणालीत ती बदलून घेण्याची सोय नसली, तर बरोबर क्रमांकही चुकीचा ठरतो आणि माल अडून राहतो.

हजारो ओळी हाताने दुरुस्त करणे वेळखाऊ आहे. येथे मजकूर-संपादकाची आज्ञाभाषा साहाय्यास येते. डच अभियंता ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘विम’ या संपादकात ‘टूअपर’ व ‘टूलोअर’ ही कार्ये उपलब्ध आहेत. शोध-बदल आज्ञेत बदलाच्या जागी उलटी तिरपी रेघ व मोठा ‘यू’ लिहिला, की पुढील मजकूर मोठ्या अक्षरांत येतो. देवनागरी मजकुरावर तिचा काहीही परिणाम होत नाही.

तथापि सबंध फाईल मोठ्या अक्षरांत करणे हा उपाय नव्हे. मापनपद्धतीत लहान ‘एम’ म्हणजे मिली, तर मोठा ‘एम’ म्हणजे मेगा. दोहोंत शंभर कोटी पटींचे अंतर आहे. तुर्की भाषेत लहान ‘आय’चे मोठे रूपही टिंबासहितच लिहिले जाते. म्हणून आज्ञेने प्रथम नमुना ओळखावा : शब्दाचा आरंभ, चार अक्षरे, सात अंक, शब्दाचा शेवट. एवढ्याच भागाचे रूप बदलावे. त्यानंतर पडताळणीचा अंक तपासावा आणि न जुळणाऱ्या ओळी आपोआप न बदलता वेगळ्या काढाव्यात. ‘ओ’ अक्षर आणि शून्य यांतील गोंधळ कागदपत्रे पाहूनच मिटवावा लागतो. मूळ फाईलची प्रत राखून ठेवणे हेही तितकेच आवश्यक आहे.

या आज्ञा शिकण्यास महागडे यंत्र लागत नाही. विम विनामूल्य मिळतो. दिवसभराचे टंकलेखन काही क्षणांवर आणणारा आणि यंत्राने कोठे थांबावे हे जाणणारा कर्मचारी कोणत्याही कचेरीस हवासा वाटतो. उरणच्या तरुण-तरुणींनी हे कौशल्य आत्मसात केले, तर बंदराच्या व्यवहारात त्यांचे स्थान अधिक भक्कम होईल.