खरखर गेली, पुढे काय?

मुलीकडे न्यू जर्सीला गेलो की तिच्या गाडीतला एचडी रेडिओ ऐकतो. या डिजिटल तंत्राला अमेरिकेत २००२ साली परवानगी मिळाली. नेहमीच्या एफएम लहरींच्या दोन्ही अंगांना डिजिटल लहरी जोडतात. आवाज स्वच्छ येतो, एका केंद्राला दोन-तीन जोडवाहिन्या चालवता येतात आणि श्रोत्याला वर्गणी पडत नाही.

पण गाव मागे पडले की गंमत कळते. मुख्य वाहिनी हळूच साध्या एफएमवर येते. जोडवाहिनी मात्र एकदम मुकी होते. कारण डिजिटल लहरींची ताकद सुरुवातीला एफएमच्या अवघी एक टक्का होती. २०१० मध्ये ती दहा टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा मिळाली.

मग छोट्या केंद्राने यंत्रे आणि परवाना शुल्काचा भार उचलावा का? जोडवाहिनीवर इतरत्र न मिळणारे काही द्यायचे असेल, तर जरूर उचलावा. तीच गाणी पुन्हा वाजवायची असतील, तर तो पैसा निवेदक आणि वार्ताहरांवर खर्च करावा. थोडी खरखर आम्ही चालवून घेऊ.