कोयत्याला पोरं नसतात
(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गरिबाची पोरं शिकत का नाहीत, असं विचारलं की पांढरपेशांचं उत्तर तयार असतं. आईबाप अडाणी, बाप दारुडा, पोरं फार. म्हणजे दोष घराचा. ठीक आहे, घराबद्दलच बोलू. पण ते घर कुणी बांधलंय, तेही बघू.

तुमच्या-माझ्या चहात जी साखर पडते, तिचा ऊस बीड, पाथर्डीकडची माणसं तोडतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावं रिकामी होतात, माणसं परततात ती मार्च-एप्रिलात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. नवरा मेलेल्या बाईला तर कामच मुश्किलीनं मिळतं. म्हणजे लग्न हे इथं कामाचं लायसन आहे. २००६चा कायदा सांगतो, मुलगी १८ची आणि मुलगा २१चा होऊ द्या. उचल सांगते, जोडी आणा. पोट कुणाचं ऐकणार?

या हिशेबात पोर कुठं बसतं? कुठंच नाही. तान्हं पोर फडात पाचटावर झोपलेलं असतं. त्याला राखायला आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. आई अंधारातच मोळ्या बांधायला गेलेली. मग पाणी, भाकरी, धाकटी भावंडं, सगळं हिच्या अंगावर. गावच्या शाळेत हिचं नाव पटावर आहेच. पट भरलेला, बसकर रिकामं. घरी ठेवावी तर वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर कशी सोडायची? मग तिचंही लग्न उरकतात. नवा कोयता तयार!

योजना नाहीत असं कुणी म्हणू नये. १९७५पासून अंगणवाडी आहे. २००१च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर शाळेत शिजवलेलं अन्न आलं. २०१०पासून ६ ते १४ वयाला शिक्षणाचा हक्क आहे. पण खिचडी शिजते गावात आणि पोर उपाशी फडात. हंगामी वसतिगृह दिवाळीनंतर उघडलं तर काय उपयोग? ट्रक त्याआधीच गेलेला असतो. २०२१ मध्ये सरकारनं ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली. चांगलं केलं. पण मंजुरीच्या कागदावर पोराला झोपता येत नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी केली. राज्यघटनेनं १९५० मध्ये दहा वर्षांची मुदत घातली. ती १९६० मध्येच संपली. आता अजून किती हंगाम थांबायचं?

म्हणून आईबापाला उपदेश पाजणं बंद करा. पोरीला शिकवावं असं त्या माउलीलाही वाटतं, पण उचलीचा फास तिच्या गळ्यात आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तोही संप करून, भांडून. तसंच पोरांसाठी भांडावं लागेल. बाईची मजुरी तिच्या हातात द्या. वसतिगृह ट्रक निघायच्या आधी उघडा. जिथं टोळी उतरते तिथं अंगणवाडी आणि शाळा द्या, आणि तिचा खर्च साखर कारखान्याकडून वसूल करा.

आणि तुम्ही शहरातली शिकलेली पोरं! दसऱ्याच्या आधी गावात जा. घरोघर फिरून पोरांची यादी करा. ती यादी गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा आणि प्रत्येक नावाचा जबाब मागा. जबाब मिळेपर्यंत तिथून उठू नका.